अबोल्यातला ग्राइंडर

डायमेकर आणि त्याची बायको, दोघांचं मिळून एक वर्कशॉप. तो हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरने साचे घासायचा, ती कॉम्प्रेसर सांभाळायची. ग्राइंडरचं घासायचं टोक, म्हणजे बिट, बदलण्याआधी हवेची नळी काढायची असते, नाहीतर उरलेल्या हवेने बिट अचानक फिरू शकतं. त्याला कंटाळा. तो नुसता ओरडायचा, "अगं, हवा बंद!" तिने व्हॉल्व्ह फिरवला की हा लगेच बिटला हात घालायचा. नळीत उरलेली हवा आपलं भलंच चिंतते, यावर त्याचा गाढ विश्वास.

"अहो, एखादं बोट जाईल."

"दहा आहेत की."

सोमवारी बायकोने अबोला धरला. "हवा बंद!" तो ओरडला. ती ढिम्म. मग तो भिंतीला म्हणाला, "हवा बंद करायला सांगा." भिंतही माहेरच्या बाजूची निघाली. झक मारत त्याने स्वतः नळी काढली. मग रोज तेच. शुक्रवारी तर नळी काढून त्याने ग्राइंडरमध्ये दोन थेंब तेलही सोडलं.

"चहा टाकू?" बायको म्हणाली.

तो हरखला. "गेला एकदाचा राग! पण माझं चुकलं काय होतं?"

"राग कसला? इतकी वर्षं बोलून पाहिलं. म्हटलं, आता न बोलून पाहावं."