पहिल्या पानावरची दुरुस्ती

"ताई, निदान तेरावं तरी होऊ द्या," साप्ताहिकाचं पान लावता लावता ढवळेकाका म्हणाले. "श्रद्धांजलीच्या अंकात साहेबांचीच चूक छापायची? आणि दुरुस्ती आपण कायम शेवटच्या पानावर, तळाशी देतो."

पाण्याची टाकी ग्रामसेविकेमुळे रखडली, ही साहेबांची, म्हणजे माझ्या बाबांची, पहिल्या पानावर छापलेली शेवटची बातमी. काल ती ग्रामसेविका टाकीच्या कामाचे कागद घेऊन आली. त्यांत स्पष्ट दिसत होतं, तिचा काहीच दोष नव्हता. "गावात कुणी बोलत नाही माझ्याशी," ती म्हणाली. "पण तुमच्या घरी दुःख, म्हणून आठ दिवस थांबले."

मी डोळे मिटले आणि डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. सगळं गाव उन्हात बसून अंक वाचत होतं. पानं उलटण्याचा आवाज पाखरांच्या थव्यासारखा वर उठत होता. ती बाई एकटीच उभी होती. बाबा उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"दुरुस्ती पहिल्या पानावर, बातमीच्याच जागी," मी म्हणाले. "तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."

"आणि साहेबांचा फोटो?"

"आत."

पहिल्या पानावर बाबांचं नाव एकदाच आलं, चूक कुणाची होती हे सांगणाऱ्या वाक्यात. ते वाक्य मी स्वतः लिहिलं.