रामहरीतात्यांचा हौद

कालव्याला पाणी आलेच नव्हते. पाणी सोडण्याचे आवर्तन लांबले होते. इंदापूरच्या अलीकडे, जिथे ख्रिस्ती मंडळीचे बाप्तिस्मे दर वर्षी व्हायचे, तिथे भेगाळलेला गाळ होता आणि गाळात रुतलेल्या पिशव्या. पाळकांनी काठावरून दोन्ही बाजूंना पाहिले आणि शेजारच्या मळ्यातल्या रामहरीतात्यांना हाक मारली. तात्यांनी म्हशी नेऊन लिंबाखाली बांधल्या, मोटर चालू केली आणि गोठ्यापुढच्या सिमेंटच्या हौदात पाइप सोडला.

दीपकने खिशातून पेनाएवढे मीटर काढून हौदात बुडवले. लोणी देवकरच्या एका कारखान्यात तो पाणी तपासायचा. मीटर सुटीच्या दिवशीही त्याच्या खिशात असे. आकडा पाहून त्याने ते शर्टाला पाणी लागणार नाही असे झटकले.

"तात्या, पाणी चांगलं नाही हे."

"म्हशींनी कवा तक्रार केली न्हाय," तात्या म्हणाले.

पाळक हसले. "येशूच्या बाप्तिस्म्याला यार्देन नदीचं पाणी तरी कुणी तपासलं होतं, दीपक?"

दीपकला हसू आले नाही. तो ख्रिस्ती घरातच जन्मला होता. पण या मंडळीत बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः मागून घ्यायचा असतो. त्याने तो मागितला होता तो एकाच कारणासाठी. गेले वर्षभर त्याच्या मनाला थारा नव्हता. बढती मिळाली, नवी गाडी आली, तरी जेवताना, प्रार्थना करताना, गाडी चालवताना आत काहीतरी टकटक करत राही. पवित्र शास्त्र वाचून झाले, उपास करून झाले. मांडणीत चूक नसताना प्रयोग फसावा, तसे चालले होते. आज तो साधायला हवा होता. त्यासाठी सगळे नीट हवे होते: नवा पांढरा शर्ट, वाहते पाणी, काठावर गाणारी मंडळी. आणि पुढ्यात हा हौद, कडेला शेवाळ आलेला, पाण्यावर वैरणीच्या काड्या.

शिवाय त्याच्या आधी बाप्तिस्म्याला कुशाबाई उतरणार होती. वडीलधाऱ्यांचा मान पहिला, असा पाळकांचा शिरस्ता होता. कुशाबाई लोकांच्या उसात खुरपायला जायची आणि आजही सकाळची खुरपणी उरकून तशीच आली होती. टाचांच्या भेगांत काळी माती होती.

दीपकने पाळकांना बाजूला घेतले. आधी आपल्याला घेतले तर बरे होईल, नाहीतर मध्ये पाणी तरी बदलावे, असे त्याने सुचवले. पायांना भेगा आहेत, संसर्गाचा प्रश्न असतो. त्याला वाटले तेवढ्या हळू तो बोलला नव्हता. त्याच्या आईने तोंडाला पदर लावून मान खाली घातली. कुशाबाईने आपल्या पायांकडे पाहिले.

"धुती की मी," ती म्हणाली. "तात्या, पाइप द्या इकडं."

तिने एका हाताने झाडाला धरून दोन्ही पाय घासून घासून धुतले. मग ती हौदाकडे निघाली. हौदाभोवती म्हशींनी तुडवलेला चिखल होता. तिथे पोचेपर्यंत पाय पुन्हा होते तसे झाले.

दीपकने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. पुढच्या वर्षी बघू, एवढेच म्हणायचे आणि निघायचे.

पाळक विजार दुमडून हौदात उतरले होते. पाणी काठोकाठ आले होते. भिंत कुशाबाईच्या कमरेएवढी. बायकांनी काखेत हात घालून तिला उचलायला पाहिले, तर तिच्या खांद्यात कळ आली. प्लास्टिकची खुर्ची आणली, तर खुर्चीचा पाय चिखलात रुतून मोडला. दीपक सगळ्यांत जवळ उभा होता.

"वाक की रं जरा," कुशाबाई म्हणाली. "किती येळ हुबं ऱ्हायचं?"

ती टोचून बोलते आहे, असे त्याला वाटले. त्याने वर पाहिले. तिला फक्त आत जायचे होते.

हे उरकून निघू, असे ठरवून तो भिंतीला खेटून हात-गुडघे टेकून चिखलात घोडा झाला. पाठीवर एक पाय आला. मग दुसरा. तिचे वजन त्याच्या अंदाजापेक्षा जास्त होते, आणि ती घाईत नव्हती. तिथेच उभी राहून तिने दम घेतला.

"हाडं लई टोचत्यात रं तुजी. आई खायाला घालती का न्हाय?"

मंडळी हसली. त्यात आईचेही हसू त्याला ओळखू आले. त्याच्या नाकाखाली वीतभर अंतरावर म्हशीच्या खुराचा ठसा होता, पाण्याने भरलेला. एक मुंगी त्याच्या कडेकडेने वाट शोधत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला. पाठीवरचे वजन उचलले गेले, वर पाणी डुचमळले, तरी तो मुंगीकडेच पाहत होता. आतली टकटक बंद आहे, हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आले. त्याने नीट कान दिला. बंद होती. केव्हा थांबली ते त्याला सांगता आले नसते.

तो उठू लागला.

"उठू नगं," वरून कुशाबाई म्हणाली. "मला भाईर बी यायचंय."

तो पुन्हा टेकला. पाळकांचा आवाज आला, पित्याच्या, पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. भरल्या हौदात कुशाबाई जेवढी बुडेल तेवढे पाणी बाहेर येणार, हे त्याला शाळेपासून ठाऊक होते. तेवढे ते आले. भिंतीवरून ओघळत त्याच्या मानेवर, कानांमागे, केसांत, काड्या आणि शेवाळासकट. हनुवटीवरून ते खुराच्या ठशात ठिबकू लागले.

दीपकने मान बाजूला घेतली नाही.