फ्लॅशच्या आधी

"त्यांच्या तेजलच्या खांद्याला हात लावलाय मी! आंधळे झालात का, पंच?" मी ओरडले. कबड्डीची फायनल एका गुणाने गेली होती.

पंच म्हणजे विज्ञानाचे सर. त्यांनी आमच्या पोरींनी काढलेला व्हिडिओ हळू करून पाहिला. माझा हात लागला आणि लगेच कुणाच्या तरी कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला.

"मी बघतच होतो गं. पण मागोमाग असा उजेड आला की आधीचं मेंदूतून पुसलं जातं. मला दिसलंच नाही."

"शाळा सोडलीय मी. धडे नका देऊ!"

पण सरांचा चेहरा पडला होता. खोटं बोलत नव्हते.

तेजल कप उचलून हसत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सरांचे डोळे राहू दे. तुझा खांदापण आंधळा झाला का गं?"