लेमलेमची माणसं

लेमलेमचा आश्रयाचा अर्ज सरकारनं फेटाळला होता. नऊ वर्षांत इथं रुजलेलं तिचं आयुष्य उपटणं अन्यायाचं आहे, तो निर्णय कोर्टानं तपासून रद्द करावा, असं तिचा वकील एडिनबरोच्या कोर्टात मांडत होता. ग्लासगोहून तिचे शेजारी गाडी करून आले होते. सगळ्यांच्या मागे एकटी निग्स्ती बसली होती. दोघी एरिट्रियातल्या एकाच गावच्या. निग्स्तीला मात्र राहण्याचे कागद पहिल्याच वर्षी मिळाले होते.

"ती चर्चमध्ये गाते," वकील म्हणाला.

(गाते कसली, रेकते, निग्स्तीच्या मनात आलं.)

"तिला पकडायला पहाटे सरकारी गाडी येईल म्हणून शेजारी आळीपाळीनं जिन्यात बसतात."

(माझं ऑपरेशन झालं तेव्हा जिन्यात मांजरही फिरकलं नाही.)

"तिच्याकडे, त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे, कॉफीचा तिसरा पेला झाल्याशिवाय कुणी उठत नाही."

(माझ्याकडचे तिन्ही पेले मीच पिते.)

जेवणाच्या सुट्टीत लेमलेमची शेजारीण सेंगा बाहेरच्या बाकावरून निग्स्तीकडे वळली. "तू कोण गं पोरी? लेमलेमच्या गावची?"

"हो."

"तुझं काय? मिळाले का कागद?"

निग्स्तीनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

"नाही. मलाही नाकारलंय."

"अगं बाई! आणि अशी एकटीच बसलीस होय?" सेंगानं तिचा हात धरून बाकावरच्या बायकांना हाक दिली, "ए, सरका गं जरा! आपली अजून एक आहे."