डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

थायरॉइडच्या गोळ्या घेऊनही अंजिराला अंगात त्राण वाटेना, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्याने तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ग्रंथींच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत सासू आली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं?"

"मरता मरता वाचली," सासूच बोलली.

"मग दूध आलं होतं का?"

अंजिराने मान खाली घातली. लेक आठ वर्षांची झाली, तरी सासू चारचौघींत तिला 'कोरडी' म्हणायची. "थेंबभरही नाही," अंजिरा पुटपुटली, "पाळीही तेव्हापासून बंदच आहे."

"रक्त गेल्यामुळे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सुकलेली दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दूध तिच्याच हुकमाने उतरतं, थायरॉइडही तिच्यामुळेच थंडावलाय. रक्त तपासलं की नक्की कळेल. आणखी वेगळ्या गोळ्या कायमच्या लागतील, पण ताकद येईल. आणि ताई, दूध आलं नाही यात तुमचा दोष नव्हता."

अंजिरा तोंडाला पदर लावून रडू लागली. सासूने टेबलावरची रक्ततपासणीची चिठ्ठी उचलली.

"तू बस, माय," ती म्हणाली. "रांगेला मी उभी राहते."