बुटक्या जमातीचा नियम

बायको गेल्यापासून मॉरिशसमधल्या बों अक्योय गावचा बलराम व्हरांड्यातच बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. आत मुलगी इंद्राणी मैत्रिणींबरोबर लंडनच्या मामाने पाठवलेला फाशांचा खेळ मांडून बसली होती. खेळात तिने बुटक्या जमातीतल्या लढवय्याचं सोंग घेतलं होतं. समोर राक्षस होता. “आयो, बुटके!” देवकीने नियमांचं पुस्तक उघडलं. “तुझ्या जमातीला मोठी तलवार दोन्ही हातांनी धरावी लागते. ढाल सोड.” “मग मी मेलेच!” सगळ्या हसल्या. बलराम दारात आला. “तुझी आईही एवढीशीच होती. कोयता तिला दोन्ही हातांनी चालवावा लागायचा. ऊस मी धरायचो.” त्याने देवकीला विचारलं, “शेजारी दुसऱ्याने उभं राहायला पुस्तकात मनाई आहे?” तिने पानं चाळली. “नाही, काका.” “मग ढाल मी धरतो,” म्हणत त्याने खुर्ची ओढली. “कुठली जमात घेणार, पापा?” “ढाल पेलणारी कुठलीही.”