झगा आणि पैठणी

बाबांच्या कोलशेतच्या जमिनीवरचा हक्क मी सोडावा म्हणून दादाने पैठणी आणली आणि मला थेट रजिस्ट्रेशन ऑफिसात नेलं. मी कल्याणच्या कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवते. रांगेत बसल्यावर त्याला सांगितलं, आठशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच सरदाराच्या मुलीनेही अशीच जमीन भावांना दिली. बदल्यात मिळालेला लोकरी झगा मात्र दस्तात लिहिला होता. तिच्या आयुष्याची तेवढीच नोंद उरलीय. “लेक्चर कॉलेजात दे. इथे सही कर,” दादा खेकसला. मी दस्त वाचला. ‘कोणत्याही मोबदल्याशिवाय, स्वखुशीने हक्क सोडत आहे,’ असं त्यात छापलं होतं. “यात पैठणी लिहा,” मी दादाच्या वकिलांना म्हणाले. वहिनी मध्ये पडली. “भावाची माया कुणी लिहून घेतं का?” “मग बहिणीची का लिहून घेताय?” दादाने पैठणी माझ्या मांडीवरून ओढून घेतली. मी पेनाला टोपण लावलं.